टेपवरचे आकडे

“सुटले बाई!” ताई म्हणाली आणि पुन्हा शिलाई मशीनवर बसली. “डॉक्टर लिहितात, साधा तीळ वाटतोय, यायची गरज नाही. उगाच जीव घाबरा केलास माझा.”

तिने फोन धाकट्या भावाच्या हातात दिला. तासाभरापूर्वी त्यानेच फोटो काढून मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना पाठवला होता. काढला आणि पाठवला. मोठा करून बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. ताईच्या उजव्या खांद्यामागचा तो डाग तिला स्वतःला आरशात मान मोडेपर्यंत वळूनही दिसत नव्हता. तिने तो पहिल्यांदा पाहिला तो या फोटोतच. गोल, फिकट, बाळसेदार तीळ. शेजारी तिची मापाची टेप, कारण डॉक्टरांनी तशी धरायला सांगितली होती.

आता भावाने फोटो नीट पाहिला. त्याने डाग डोळ्यांनी पाहिला होता. तो गोल नव्हता. त्याच्या कडा फाटक्या कापडासारख्या होत्या, आणि एका बाजूला काळंनिळं काहीतरी होतं, जे मागच्या महिन्यात नव्हतं. फोटोत यातलं काहीच नव्हतं. फोनने ताईची पाठ इस्त्री फिरवावी तशी गुळगुळीत करून टाकली होती.

“ताई, फोटो बरोबर नाही आला. परत काढू.”

“आता काय उरलंय काढायचं? संध्याकाळपर्यंत चौदा शर्टांना कॉलर लावायच्यात.” मशीन सुरू झालं. “आणि म्हणे बरोबर नाही! समोर बघ जरा.”

बघायची गरज नव्हती. खिडकीतून रस्त्यापलीकडची भिंतभर जाहिरात दिसायची. एका म्हातारीचा चेहरा, सुरकुती न सुरकुती मोजून घ्यावी असा. खाली लिहिलेलं, ‘हा फोटो याच फोनवर काढला आहे.’ ते खोटं नव्हतं. भाऊ जाहिरातींच्या स्टुडिओत लाइटमन होता आणि त्या दिवशी तिथेच होता. एवढ्याशा फोनवर, माझ्या डोळ्यांदेखत, अशी फुशारकी त्यानेच घरी येऊन मारली होती. ताईने त्या फुशारकीवर विसंबून तोच फोन घेतला होता.

“त्या फोटोला अकरा लाइट होते,” तो म्हणाला.

मशीन चालूच.

“फोनच्या पुढे बशीएवढी काच बसवली होती. फोन हलू नये म्हणून लोखंडी स्टँडला जखडलेला. उजेड चेहऱ्यावर वळवायला मी पांढरा पत्रा धरून दोन तास उभा होतो, हाताला मुंग्या आल्या. वर तीन दिवस दोन माणसं तोच फोटो कॉम्प्युटरवर घासत बसली होती.”

मशीन थांबलं.

“हे तेव्हा का नाही बोललास?”

पत्रा धरणाऱ्याचं कोण कौतुक करतं? त्याला ताईकडून कौतुक हवं होतं, एवढंच.

“दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच,” ताई म्हणाली. “बरं, फोटो असेल जरा डावा. पण डॉक्टर काय आंधळे आहेत? एवढे शिकलेले. त्यांना दिसलंच की.”

“त्यांना आपण दाखवलं तेच दिसलं.”

“घाबरवू नकोस रे मला,” ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

भाऊ तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. कापडाखालचा तो डाग जसा आहे तसा जगात फक्त त्याने पाहिला होता. तो आत्ता गप्प बसला असता तर ताईने कॉलरी लावल्या असत्या, डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले असते आणि सगळं इथेच मिटलं असतं. त्या विचाराने त्याची पाचावर धारण बसली.

त्याने फोटो मोठा केला, डाग बाजूला सरकवला आणि फोन मशीनवर ठेवला. “ताई, टेपवरचे आकडे वाच.”

तीस वर्षं ती टेप वाचत आली होती. तिने चष्मा लावला. फोन जवळ घेतला, लांब धरला. आकड्यांच्या जागी नुसते करडे ठिपके होते.

“टेप तर नवी कोरी आहे,” ती हळूच म्हणाली.

मग ती उठली आणि खांद्यावरचं कापड तिने स्वतःच खाली केलं.

त्याने वरचा दिवा बंद केला. तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं. पांढऱ्या अस्तराचं कापड खुर्चीवर ताणून उजेड डागावर वळवला. फोनमध्ये त्वचा उजळायचं बटण घेतल्या दिवसापासून चालूच होतं, ते बंद केलं. कोपरं इस्त्रीच्या टेबलावर टेकली, श्वास धरला. दोन फोटो वाया गेले, तिसरा आला.

“आण इकडे.”

“आधी डॉक्टरांना पाठवतो ना.”

“पहिला दाखवलास, हाही दाखव.”

तिने आधी टेप पाहिली. गिऱ्हाइकाचं माप मोठ्याने सांगावं तसं म्हणाली, “अर्धा इंच. वर एक सूत.” मग तिचं बोट टेपवरून डागावर आलं, आणि त्याच्या कडेकडेने सावकाश फिरलं. काळ्यानिळ्या जागी येऊन थांबलं.

“पहिला फोटो छान आला होता रे,” ताई म्हणाली.

हा नवा फोटो तिने स्वतःच पाठवला. कापड नीट केलं, मशीनवर बसली, पण पायडलवर पाय ठेवला नाही. फोन दोघांच्या मधे, कॉलरींच्या ढिगावर होता.

पहिल्या फोटोला डॉक्टरांनी सवडीने दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या. या वेळी मिनिटही झालं नाही, तोच फोन वाजायला लागला.