तीन पिढ्यांचं बोचकं

भोंगा झाला तसं तुळाजीनानांनी उंबऱ्याजवळचं बोचकं खांद्यावर टाकलं. ज्वालामुखीच्या या बेटावर भोंगा झाला की होडीकडे पळायचं. तीन पिढ्यांत बोचक्याची गाठ कुणी सोडली नव्हती.

"मंडळी, पळू नका!" डोंगरावरच्या कर्ण्यातून यमुनाताईंचा आवाज आला. जन्मभर त्यांनी धरणाचे दरवाजे सांभाळले होते, आता ज्वालामुखीला लाव्हा सोडायला नव्यानं बसवलेले. "हा विसर्गाचा भोंगा आहे. नारळ वाढवून दरवाजे फूटभर उघडलेत."

नानांनी वर पाहिलं. डोंगर फुटला नव्हता. लाव्हा पाटाच्या पाण्यासारखा, आखून दिलेल्या चरातून, निमूट समुद्राकडे चालला होता.

नानांनी तिथंच फतकल मारली, गाठ सोडली, आज्याचं पितळी ताट बाहेर काढलं आणि डोंगराकडे बघून ओरडले, "ताई, भात टाकतोय! पहिलं ताट तुमचं!"