नात्याची शर्मिला

"मावशी, इथे सही करा," मॅनेजरबाई म्हणाल्या. रखमाने पेन मुठीत घट्ट धरलं, जीभ दातांत पकडली आणि ठसठशीत अक्षरांत सही केली. रखमा.

महाडच्या त्या बँकेतल्या मॅनेजरबाई, प्रियदर्शिनी, वयाने रखमाच्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, खातं शर्मिला सहदेव सकपाळ या नावाचं आहे. ती मीच, असं सकाळपासून सांगताय. मग सही रखमा कशी?"

"हाताला सवय पडली, बाय."

"लग्नाचा दाखला तरी आहे का?"

"तवा कुठला दाखला गो? ताटात तांदूळ पसरलं, नवऱ्यानं अंगठीनं त्यात रखमा लिवलं, झालं."

"आणि ते तांदूळ?"

"त्येचा भात झाला."

मॅनेजरबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. कारणही तसंच होतं. गेल्या महिन्यात कोणी एक बाई शर्मिला म्हणून आली होती, आधार कार्डासकट. पैसे काढायच्या बेतात होती. कॅशियर राहीलला संशय आला तशी जी पसार झाली ती झालीच. तेव्हापासून त्या खात्याला हात लावायचा म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारत.

"तिचे कागद खोटे होते पण नाव बरोबर होतं," मॅनेजरबाई म्हणाल्या. "तुमचे कागद खरे आहेत, नाव मात्र दुसरंच. तुम्हीही तसल्याच नाहीत कशावरून? बसा जरा. वरच्या साहेबांना विचारते."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. रखमा बाकावर जाऊन बसली. पैशांचं तिला काही पडलं नव्हतं. तिचा भाऊ मुरारी दर भाऊबीजेला ओवाळणी या खात्यात टाकायचा, माहेरच्या नावानं. बहीण लग्न होऊन वरंधला गेली, तिथे रखमा झाली, सगळं गाव रखमा म्हणू लागलं, पण मुरारीने ते नाव कधी तोंडात घेतलं नाही. तो गेल्या साली वारला. शर्मिला म्हणून हाक मारणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं, तेही गेलं. आणि आता त्याने जपलेलं नाव अंगावर लेऊन कोणी परकी बाई महाडच्या बाजारात हिंडते, हे रखमाला सोसवेना. खातंच बंद करून टाकू म्हणून ती सकाळच्या एसटीने आली होती.

दुपार झाली. बँकेत माणसं कमी झाली. डोक्यावर पंखा घरघरत होता. घरघर हळूहळू मऊ झाली आणि मग ती पंख्याची राहिलीच नाही, तिच्या माहेरच्या नाते गावाच्या खालच्या अंगाला वाहणाऱ्या गांधारी नदीच्या पाण्याची झाली. पाण्यात गुडघाभर दोन पोरं उभी होती. पंच्याचं एक टोक मुरारीच्या हातात, दुसरं एका पोरीच्या हातात. मासोळ्या पंच्यात येत होत्या नि निसटत होत्या. रखमा काठावर बसून बघत होती. पोरीची पाठ तिच्याकडे होती. वळेल म्हणून रखमा किती वेळ थांबली. त्या वयातला आपला चेहरा तिला आठवत नव्हता, आणि फोटो तर कुणी काढलाच नव्हता. एवढा एकदा दिसला असता तर बरं झालं असतं, असं तिला फार फार वाटलं.

"शर्मिला. शर्मिला सहदेव सकपाळ."

पाण्यातल्या पोरीने पंचा सोडला आणि ती काठाकडे येऊ लागली.

बँकेत सगळ्यांनी माना वर केल्या. रखमानेही केली. तिने दाराकडे पाहिलं. दारात ऊन होतं. मग ती बाकावर थोडी सरकली, कडेची पिशवी उचलून मांडीवर घेतली, कारण पोरीचे पाय ओले होते, आणि रिकाम्या झालेल्या जागेवरून हात फिरवला.

डोळे नीट उघडले तेव्हा मॅनेजरबाई समोर उभ्या होत्या.

"मावशी, मी तुम्हाला हाक मारली."

"ऐकली गो."

"मग उठला का नाहीत?"

"मला वाटलं, तिला मारलीस." रखमाने बाकावरच्या जागेकडे बोट केलं. "म्हणून सरकले."

मॅनेजरबाई त्या जागेकडे बघत राहिल्या. मग त्या बोलल्या तेव्हा आवाजातला मघाचा करडेपणा गेला होता.

"राहील, मावशींचा फॉर्म आण. फसवायला आलेली बाई पहिल्या हाकेला धावली असती." आणि रखमाकडे वळून म्हणाल्या, "दोन्ही नावं एकाच बाईची, अशा प्रतिज्ञापत्राचं काय ते मी बघते. आजच तुमचं खातं बंद करून देते, मावशी. मग त्या नावाने कोणी यायचं नाही."

पिशवी रखमाने मांडीवरच धरून ठेवली होती.

"नको गो बाय," ती म्हणाली. "बंद नको करूस. आत्ता कुठं आली हाय. बसू दे तिला."