तानबाचं रक्त

डॉक्टरांनी नळी नानाजीबुवांच्या पोटावर टेकवली आणि डोळेच मिटले. मग ती काढून बुवांच्या बायकोच्या, जयवंताच्या कानाला लावली.

आत झुईं-झुईं चाललं होतं. लांब कुठंतरी एकतारी लागावी तसं.

"अवं माय! पोटातबी कीर्तन?"

"मंग! तू घरी आयकत नाईस, म्हून आत मांडलं," बुवा पडल्या पडल्या नवऱ्याच्या तोऱ्यात म्हणाले.

नसांत औषध सोडून नागपूरहून काढून आणलेला एक्स-रे डॉक्टरांनी उजेडाला धरला. "यकृतावर रक्तवाहिन्यांची गाठ आहे. क्वचितच दिसते. कॅन्सर नाही, पण वाढते आहे. फुटली तर माणूस हाती लागायचा नाही. तुकडा काढून तपासायला सुई टोचायचीही सोय नाही. पोट उघडावं लागेल. रक्त तयार ठेवा."

जयवंताचं रक्त जुळलं नाही. उरला सख्खा दीर तानबा. वांग्याच्या वाडीला पाणी देण्यावरून भावाभावांत अबोला इतका, की बुवा कीर्तनाला उभे राहिले की तानबा दार लावून घ्यायचा. जयवंता गावी, सेलूला परतली ती थेट त्याच्या ओसरीवर पदर पसरून उभी राहिली.

"भाऊजी, भांडाले तरी भाऊ जिता पाह्यजे ना?"

तानबा उठला. पायात वहाणा सरकवल्या नि तिच्या पुढं चालू लागला. त्याचं रक्त जुळलं, बाटली भरली.

ऑपरेशन करून डॉक्टर बाहेर आले ते भारावूनच. "जांभळांचा घोस लटकावा तशी गाठ. श्वासासरशी हलत होती. तिला रक्त पुरवणारी धमनी दोऱ्यानं बांधली, आणि डोळ्यांदेखत गाठ फिकी पडली! बाई, मी आज देवाची कारागिरी पाहिली."

जयवंतानं समोरच्या भिंतीलाच हात जोडले.

बुवा शुद्धीवर आल्यावर डॉक्टर आधी त्यांच्याशी बोलून गेले. मग जयवंता आत गेली. बुवांचे डोळे भरलेले.

"तानबाले बोलाव. त्याचं रक्त खेळून राह्यलं माह्या अंगात."

तानबा दारातच रडला.

पुढं दर कीर्तनात बुवा हेच सांगत, "माह्या अंगात भावाचं रक्त हाय, मंग वैर ठेवू कुठं?" मागं झांज धरून तानबा उभा असे. वाडीला पाणी दोघं मिळून देत.

तपासणीला गेले तेव्हा बुवा पडद्याआड सदरा चढवत होते. जयवंता डॉक्टरांच्या पाया पडली. "तुमचा हात नि भाऊजीचं रक्त. म्हून माहं कुंकू राह्यलं."

"रक्त?" डॉक्टर गोंधळले. "बाई, यांना एक थेंबही लागला नाही. ती बाटली त्याच दिवशी एका बाळंतिणीला दिली. बुवा शुद्धीवर आले, तेव्हाच सांगितलं होतं की मी त्यांना."