दीड हात

“अजून एक घमेलं भर रे बाबा,” काकू म्हणाल्या, “आणि ह्यांना विचार, तुमच्यावरही फावडं घालू का? बसलेत मघापासून गाळासारखे.”

‘हे’ म्हणजे त्यांचे यजमान, घड्याळजी. स्टुलावर बसून ते एका गजराच्या घड्याळातून चमच्यानं चिखल उकरत होते. पूर ओसरून चार दिवस झाले होते. खोलीत चिखल असा, की आपली चप्पल शोधायला हात घालावा आणि तिसऱ्याच गल्लीतली हाती यावी. त्या चार दिवसांत चिखल निम्मा झाला. काकूंचं बोलणं मात्र तसूभर कमी झालं नव्हतं.

घमेलं भरत होता ओळंबा. धंद्यानं रंगारी. त्याच्या हातची रेघ कधी वाकडी गेली नाही, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. न बोलावता आला होता, आणि न सांगता तिघांचं काम ओढत होता. “पोटच्या मुलानं केलं नसतं एवढं,” काकू येईल-जाईल त्याला सांगत. ते ऐकलं की ओळंबा खाली मान घालून आणखी जोरानं फावडं मारी.

“लोकांची बावन्न घड्याळं!” काकूंनी पुन्हा धरलं. “म्हटलं, वरच्या मजल्यावर नेऊ. तर म्हणे, मागच्या पुराची रेघ आहे भिंतीवर, फळी तिच्याहून वर आहे, घाबरू नकोस. आता बघा! रेघेच्या वर दीड हात पाणी!”

एरवी घड्याळजींनी एकाला चार ऐकवली असती. आज ते नुसतेच “खरंय” म्हणाले.

“मनात आलं होतं माझ्या,” ते हळूच म्हणाले, “की रेघ याच्यापेक्षा वर होती. मीच तर आखलेली. पण भिंतीवर दिसतेय ती खोटी कशी म्हणू? म्हणजे डोकंच गेलं माझं. ही घड्याळं ज्याची त्याला दिली की दुकान बंद. असल्या डोक्यानं लोकांच्या वस्तूला हात लावू नये.”

काकूंच्या हातातला खराटा थांबला. “असं काय बोलता?” त्या म्हणाल्या, आणि खराटा टाकून त्यांच्या स्टुलाजवळ आल्या.

ओळंब्यानं घमेलं खाली ठेवलं.

“काका, डोकं ठीक आहे तुमचं. तुमची रेघ माझ्या कुंच्याखाली गेली. गेल्या वर्षी, रंग देताना. तुम्ही जेवायला गेला होतात. मी अंदाजानं दुसरी काढली.”

“अंदाजानं?”

“जुनीवर रंग लावायला मला स्टूल लागलं होतं. नवी जमिनीवर उभं राहूनच काढली.”

“आणि मला म्हणालास, काका, आधीपेक्षा ठसठशीत केली!”

“तुम्ही पाठ थोपटलीत. मग सांगायला तोंडच उघडेना.”

“अरे, पण पाणी चढत होतं तेव्हा तरी!” काकू ओरडल्या.

“आठवलं होतं, काकू.” त्यानं गुडघ्यावरचा चिखल पुसायला घेतला आणि नुसताच पसरवला. “दोन गल्ल्या पलीकडेच होतो. माझी कपाटं माळ्यावर चढवत होतो.”

मग काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच ओळंब्याच्या हातातलं फावडं ओढून घेतलं.

“हे मी करते. तू ती घड्याळं पोचवायची. घरोघर. आणि दारात उभं राहून आत्ता सांगितलंस ते सगळं सांगायचं. कपाटांसकट.”

“बावन्न घरी?”

“बावन्न.”

घड्याळजींनी टोपलीतलं वरचं घड्याळ उचललं. मालकाच्या नावाची चिठ्ठी पाण्यात कधीच विरघळून गेली होती. त्यांनी ते उलटं केलं, मागच्या चकतीवरून अंगठा फिरवला.

“हे तुझ्या आईचं,” ते म्हणाले. “तिच्यापासूनच सुरू कर.”