पापुद्र्याएवढं लाकूड

"अजून थोडी घासा, भाऊजी. त्यांचा अंगठा आखडतो."

कारागिराची कानस हातातच राहिली. मित्राच्या गिटारची दांडी त्यानं वहिनीच्या शब्दाखातर गुपचूप दोनदा बारीक केली होती. आता दांडीला आतून आधार देणाऱ्या लोखंडी सळईवर पापुद्र्याएवढंच लाकूड उरलं होतं.

"वहिनी, दोष दांडीचा नाही. त्याचा हातच निकामी होत चाललाय. एकदाचं सांगून टाका त्याला."

"घासून नेली की वाजवतात, म्हणतात हात सुधारतोय. त्याच आशेवर आहेत. कुठल्या तोंडानं सांगू?"

तेवढ्यात फोन वाजला. मित्रच होता.

"ती आलीय ना तिथे? तिला नाही म्हणू नकोस. नुसती घासल्यासारखी कर आणि दे. दांडी बारीक झालेली माझ्या हाताला कळणार नाही होय रे? पण सुधारतोय म्हटलं, की त्या रात्री ती झोपते."