टाचेवरचं शेवाळ

बाथरूममध्ये तांब्या खणकन पडला, तशी मी धावले. अंगणात नवरा पत्र्याने होडीचा तळ खरवडत होता. त्याचा हात थांबला नाही.

आंघोळीला बसवलेली लेक आपली टाच पाहत होती. टाचेवर हिरवं शेवाळ होतं आणि त्यात बारीक शिंपले घट्ट रुतले होते.

"अहो, हिच्या पायाला होडीचं शेवाळ चिकटलंय!"

"अक्कल गहाण टाकलीस का?" तो बाहेरून खेकसला. "ते चिकटत नसतं, उगवतं. महिनोन्‌महिने पाण्यात राहावं लागतं त्याला. आण तिला, खरवडतो."

माझं पिल्लू कधी गुडघाभर पाण्यातही उतरलेलं नाही. मी कडी लावून तिला छातीशी धरलं.

दारावर बाहेरून पत्रा घासू लागला.

"आई," ती कुजबुजली, "मला त्या खोल पाण्यातून का गं बाहेर काढलंस?"