पाठीवरची जागा

“जूनमध्ये आम्ही फिनलंडला परत चाललोय. तुलाच पहिल्यांदा सांगतेय,” दोहातल्या शाळेच्या बसमध्ये आयनो शाल्मलीच्या कानात म्हणाली.

चार वर्षांत शाल्मलीच्या तीन जिवलग मैत्रिणी अशाच वडिलांच्या नोकरीपायी देश सोडून गेल्या होत्या. दर वेळी ती आठवडाभर रडली होती. या वेळी तिने आधीच अंग काढून घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून ती डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागली. आयनो रोज दप्तर ठेवून तिच्यासाठी आपल्या शेजारची खुर्ची धरायची. शाल्मली तिकडे बघायचीसुद्धा नाही.

जाणाऱ्या मुलाच्या शर्टवर शेवटच्या दिवशी सगळ्यांनी सह्या करायच्या, ही तिथली रीत. आयनो शाल्मलीसमोर आली आणि वळून पाठ करून उभी राहिली. पाठभर सह्यांची नुसती गर्दी. मधोमध मात्र तळहाताएवढी जागा कोरी होती.

“तिथे मी कुणालाच लिहू दिलं नाही. ती तुझी आहे. मोठं लिही हं!”

शाल्मलीचा चेहरा शरमेने तापला. बरं झालं, आयनोला तो दिसत नव्हता. तेवढ्या जागेत, अगदी कोपऱ्यात, तिने आपलं नाव मुंगीएवढं लिहिलं.